सॅम्पल फ्लॅट सगळ्यात शेवटी: पुण्यात पहिलं घर घेण्याआधीची तयारी

रविवारी सकाळी वाकड, रावेत किंवा आंबेगावच्या बाजूला चक्कर मारली तर साइट ऑफिसबाहेर गाड्या लागलेल्या दिसतात. आत एसी, हातात कॉफी आणि समोर सजवलेला सॅम्पल फ्लॅट. बहुतेकांची घरखरेदी इथून सुरू होते. माझ्या मते इथे सगळ्यात शेवटी यायला हवं. मुलांनी आपापल्या खोल्या वाटून घेतल्या आणि आईने देव्हाऱ्याची जागा ठरवून टाकली, की घासाघीस करायची ताकद निम्मी होते. मग कागदात खोट दिसली तरी ‘होईल काहीतरी’ म्हणत माणूस पुढे जातो.

म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम उलटा आहे. आधी पैसा, मग भाग, मग कागद आणि त्यानंतर फ्लॅट. उदाहरणं पुणे आणि पिंपरी-चिंचवडची घेतली आहेत. रेरा (घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीचा स्थावर संपदा कायदा) आणि मुद्रांक शुल्काचे नियम राज्यभर जवळपास सारखे असले, तरी पाणी आणि पूररेषा ज्या त्या गावची वेगळी असते.

७० लाखांचं घर ७० लाखांत येत नाही

समजा, सोसायटीतला एक रिसेल टू बीएचके ७० लाखांना ठरला. बँक किती देईल? रिझर्व्ह बँकेने मर्यादा घालून दिली आहे: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे इथे जास्तीत जास्त ५६ लाख. उरलेले १४ लाख आपले.

इथवरचा हिशोब सगळे करतात. घोळ होतो तो पुढे. या किमतीच्या घराला कर्जाची मर्यादा मोजताना बँकेला मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी किमतीत धरता येत नाही, त्यामुळे तो खर्च पूर्णपणे खिशातून. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क स्थानिक अधिभार आणि मेट्रो अधिभार धरून ७ टक्के पडतं, म्हणजे ४ लाख ९० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. एजंट असेल तर त्याची दलाली, बहुतेक ठिकाणी १ ते २ टक्के. सोसायटीचा हस्तांतरण प्रीमियम, महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५,०००. वकिलाची फी, बँकेची प्रोसेसिंग फी, रंगकाम, किचनची ट्रॉली, टेम्पो. हे सगळं मांडलं की ७० लाखांच्या घरासाठी २२ लाखांच्या आसपास रक्कम हाताशी लागते. १४ लाख जमले म्हणून घर बघायला निघालेलं कुटुंब इथेच अडकतं, आणि मग तुटीसाठी पर्सनल लोन काढतं. ते मात्र कधीही करू नका.

मुद्रांक शुल्क कराराची रक्कम आणि सरकारी रेडी रेकनरचा भाव यांतल्या जास्त आकड्यावर लागतं. आपण घासाघीस करून किंमत रेकनरच्या खाली आणली तरी शुल्क रेकनरप्रमाणेच भरायचं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर गाव आणि सर्व्हे नंबर टाकून हा भाव घरबसल्या बघता येतो.

घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. वरच्या उदाहरणात ७०,००० रुपये. पण नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. शिवाय नवरा केवळ सहकर्जदार राहिला आणि मालक नसला, तर जुन्या करप्रणालीत व्याजाची वजावट त्याला घेता येत नाही. दोन्ही बाजूंचा आकडा कागदावर मांडून मग ठरवा, नुसत्या सवलतीकडे बघून नको.

आणखी एक. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून आयकर खात्याच्या पोर्टलवर भरायची जबाबदारी आपली असते. हा जादा खर्च नाही, किमतीतलाच भाग आहे. पण भरायला उशीर झाला तर व्याज आणि दंड आपल्या माथी. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर प्रकरण वेगळं होतं: तिथे १ टक्का चालत नाही, कपात बरीच जास्त असते आणि ५० लाखांची मर्यादाही लागू नसते. मुलगा अमेरिकेत आणि पुण्यातला फ्लॅट विकायला काढलाय, असे व्यवहार आपल्याकडे कमी नाहीत. तिथे सीए गाठल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि ‘थोडे वरून द्या, करार कमीचा करू’ हा सूर ऐकू आला तर तिथेच नमस्कार करावा. जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्यात बसत नाही, कर्ज करारातल्या आकड्यावरच मिळतं, आणि उद्या आपण विकायला काढू तेव्हा कागदोपत्री नफा फुगलेला दिसतो. फायदा एकट्या विक्रेत्याचा.

कर्ज मिळतं किती आणि झेपतं किती

५६ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के दर, २० वर्षं धरली तर हप्ता साधारण ४८,६०० रुपये येतो. एकूण व्याज ६० लाखांच्या वर. हेच कर्ज १५ वर्षांत फेडायचं तर हप्ता ५५,१५० च्या आसपास, पण व्याज सव्वात्रेचाळीस लाख. महिन्याला साडेसहा हजार जास्त भरले की १७ लाख वाचतात. हे आकडे कोणत्याही ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर आपल्या रकमेचे टाकून बघा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा.

बँक हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता मान्य करते. मी म्हणेन, ३५ ते ४० टक्क्यांवर थांबा, आणि दोघांच्या पगारावर कर्ज घेत असाल तर एका पगारावर सहा महिने कसे निघतील ते आधी लिहून काढा. बाळंतपण, आईवडिलांचं आजारपण, कंपनीतली कपात, यातलं एक तरी वीस वर्षांत येणारच.

झेपेल की नाही हे कळायचा सोपा उपाय आहे: रंगीत तालीम. आज घरभाडं २२,००० असेल आणि होणारा हप्ता ४८,६०० असेल, तर फरकाचे २६,६०० पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका. सहा महिने. त्यातून एकदाही पैसे काढावे लागले नाहीत तर बजेट बरोबर. काढावे लागले, तर घर छोटं किंवा थोडं लांबचं बघायचं. पैसे काढावे लागले नाहीत तर दीड लाखाच्या वर शिल्लकही पडते, त्यात रंगकाम निघतं.

याच सहा महिन्यांत क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. मित्राला जामीन राहिलो होतो, जुनं क्रेडिट कार्ड बंद केलं पण ‘क्लोज्ड’ नोंदच झाली नाही, अशा गोष्टी तिथे निघतात आणि दुरुस्तीला वेळ लागतो. मोबाइलचे, टीव्हीचे हप्ते संपवून टाका. मगच दोन-तीन बँकांकडून कर्जाचं पूर्वमंजुरी पत्र घ्या. ते हातात असलं की विक्रेताही गांभीर्याने बोलतो.

बँकेत काय विचारायचं? ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या निर्देशांकाशी, बहुधा रेपो दराशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याच्याशी), जोडलेली असतात. गृहवित्त कंपन्यांना तसं बंधन नाही. म्हणून दर कशाला जोडलाय आणि किती महिन्यांनी बदलतो ते विचारा. बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतीआधी परतफेड केली तर वैयक्तिक कर्जदाराला दंड लागत नाही, हेही पक्कं लक्षात ठेवा. आणि कर्जाबरोबर गळ्यात मारला जाणारा एकरकमी विमा सक्तीचा नसतो. टर्म इन्शुरन्स जरूर घ्या, पण वेगळा, स्वतः निवडून.

भाग: पाणी, पूर आणि कागदावरचे रस्ते

पुण्यात घर घेताना पहिला प्रश्न पाण्याचा. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, पण नळ त्या वेगाने पोचले नाहीत. कित्येक प्रकल्पांत महापालिकेचं पाणी येईपर्यंत आम्ही पाणी पुरवू, असं हमीपत्र बिल्डरने दिलेलं असतं. सोसायटी स्थापन झाली की टँकरचं बिल रहिवाशांच्या मेंटेनन्समध्ये येऊन बसतं. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे, म्हणजे साठवणीची टाकी किती मोठी हा प्रश्न तिथे कळीचा.

याचं खरं उत्तर सेल्स ऑफिसात मिळत नाही. एप्रिल-मे महिन्यात, सकाळी सातच्या सुमारास गेटवर जा. वॉचमनला नुसतं विचारा, ‘काका, दिवसाला किती टँकर येतात?’ त्याच्याकडे वही असते, त्यात गाडी नंबर आणि वेळ लिहिलेली असते. उन्हाळ्यात वहीची पानं कशी भरली आहेत ते दिसलं की मेंटेनन्स पुढे कुठे जाणार हे कळतं.

दुसरा प्रश्न नदीचा. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, लोकांना बाहेर काढावं लागलं. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. मुळा, मुठा, पवना किंवा इंद्रायणीच्या, अगदी ओढ्याच्या जवळची इमारत असेल तर ती या रेषांच्या कुठल्या बाजूला आहे ते विकास आराखड्याच्या नकाशावर बघायचंच. ‘रिव्हर व्ह्यू’साठी जादा पैसे मागत असतील तर आधी.

त्याच नकाशावर आणखी दोन गोष्टी दिसतात. समोरचं मोकळं मैदान खरोखर मैदान म्हणून आरक्षित आहे की उद्या तिथे बावीस मजले उभे राहणार? आणि ब्रोशरमधला ‘प्रस्तावित १८ मीटर रस्ता’ ताब्यात आलेला आहे की अजून कुणाच्या शेतातून जातोय? महापालिकेकडून किंवा पीएमआरडीएकडून (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) झोन दाखला, म्हणजे ती जागा आराखड्यात कशासाठी ठेवली आहे ते सांगणारा कागद, मिळतो, तो वकिलाला मागवायला सांगा. ऑफिसला जायचा रस्ता मात्र स्वतः गाडी चालवून बघा, मंगळवारी सकाळी नऊला.

नवीन की रिसेल

यावर फार वेळ घालवत नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं, म्हणजे किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट महानगरांत ६० चौरस मीटर, इतरत्र ९० चौरस मीटरपर्यंत, तर १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या घरावर जीएसटी नाही, रिसेलवरही नाही. ७० लाखांवर ५ टक्के म्हणजे साडेतीन लाख. वर भाडं आणि हप्त्याचं व्याज दोन्ही एकदम भरायची दोन-तीन वर्षं. ज्याला बचत जमवायला वेळ हवाय त्याला बांधकामाधीन घर सोयीचं. शाळेचं वर्ष जवळ आलंय, आईवडिलांना तळमजल्याजवळ हवंय, त्यांनी तयार घर घ्यावं. पहिल्या घराला मी तयार घराच्या बाजूने झुकतो, कारण जे घेतोय ते डोळ्यांना दिसतं.

महारेराचं पान कसं वाचायचं

५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठपेक्षा जास्त घरांचा प्रकल्प महारेरात, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदवल्याशिवाय विकता येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही बंधनकारक आहे. ब्रोशरवर कोड आहे म्हणून समाधान मानणारे बरेच. तो स्कॅन करून पान वाचणारे थोडे.

पान उघडल्यावर सगळ्यात आधी पूर्णत्वाची तारीख बघा. सेल्सवाला ‘पुढच्या दिवाळीत चावी’ म्हणत असतो आणि पानावर त्यापुढच्या दीड वर्षाची तारीख असते. कायद्याने बिल्डर बांधील आहे तो करारातल्या तारखेला, आणि करारात सहसा हीच, पानावरची तारीख येते. मग मुदतवाढ किती वेळा घेतली ते बघा. एकदा समजू शकतो. त्यानंतर बांधकाम परवानगी, म्हणजे सीसी. ती कितव्या मजल्यापर्यंतची आहे? चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवतायत आणि परवानगी अकरापर्यंतचीच, हा प्रकार सर्रास घडतो. ‘येईलच परवानगी’ या भरवशावर पैसे द्यायचे नाहीत.

पुढे: जमिनीचा टायटल रिपोर्ट (मालकी कुणाची आणि स्वच्छ आहे का, याचा वकिलाचा अहवाल), प्रकल्पावरचं कर्ज आणि कोर्टातले दावे. प्रकल्पावर कर्ज असणं वाईट नाही, पण मग आपल्या फ्लॅटसाठी त्या बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. तिमाही प्रगती अहवाल भरलेले आहेत का, आणि किती घरं विकली गेली आहेत, हेही तिथेच दिसतं. ‘शेवटचे दोन फ्लॅट उरलेत’ हे वाक्य पडताळायला ती जागा चांगली.

कार्पेट एरिया म्हणजे घरातली वापरायची जागा: आतल्या भिंती धरून, बाहेरच्या भिंती, डक्ट, आपल्या वापराची बाल्कनी आणि उघडी टेरेस वगळून. भाव कार्पेटवरच मागा. ‘सेलेबल’ (सामाईक जागेचा वाटा मिळवून वाढवलेलं क्षेत्रफळ) हा शब्द आला की कार्पेट किती विचारायचं आणि भागाकार स्वतः करायचा. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. कागदावर मीटर आणि तोंडी फूट असतात तिथे हा आकडा हवाच.

पैसे देण्याचा नियम पाठ असू द्या. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. महाराष्ट्राच्या नमुना करारात हप्त्यांच्या कमाल पायऱ्या ठरलेल्या आहेत: करारानंतर एकूण ३० टक्के, जोतं झाल्यावर ४५, स्लॅब संपेपर्यंत ७०, आणि लिफ्ट-पंप वगैरे बसल्यावर ९५ टक्क्यांपर्यंत. शेवटचे भोगवटापत्रासोबत (इमारतीत राहायला मिळालेली अधिकृत परवानगी) ताबा घेताना. बुकिंग रद्द करायची वेळ आली तर महारेराच्या नमुना अलॉटमेंट लेटरप्रमाणे पहिल्या १५ दिवसांत काहीही कपात नाही. त्यामुळे सही करायला दिलेलं लेटर नमुन्याबरहुकूम आहे का, ते ओळ न् ओळ ताडून बघा. करारातही तेच: नमुन्यात कुठे आणि काय बदललं ते बिल्डरला विचारा, आणि त्या जागा वकिलाकडून वाचून घ्या.

रिसेल: इंडेक्स २ आणि कागदांची साखळी

रिसेलमध्ये सगळा खेळ साखळीचा. बिल्डरने पहिल्याला दिलं, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने आपल्या समोरच्याला. यातला प्रत्येक करार नोंदणीकृत आणि मूळ प्रतीत हवा. एक कडी झेरॉक्सवर असेल तर मूळ प्रत कुठे आहे, हा पहिला प्रश्न. बहुधा बँकेत गहाण असते. हरवली म्हणत असतील तर पोलिस तक्रार, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत, सगळं आपल्या वकिलासमोर झालं पाहिजे.

सूची क्रमांक दोन, म्हणजेच इंडेक्स २, हा एक पानाचा कागद शांतपणे वाचायला शिका. वरून खाली येत जा. पहिल्या रकान्यात विलेखाचा प्रकार: करारनामा, खरेदीखत, बक्षीसपत्र की हक्कसोडपत्र. दुसऱ्यात मोबदला, तिसऱ्यात बाजारभाव. चौथ्यात सर्व्हे नंबर आणि घर क्रमांक. इथली विंग आणि फ्लॅट नंबर दारावरच्या पाटीशी जुळतात का ते बघा, कारण ‘बी’ विंगची ‘सी’ झालेली जुनी प्रकरणं आहेत. पाचव्यात क्षेत्रफळ. सातव्या-आठव्यात लिहून देणार आणि लिहून घेणार यांची नावं. लिहून घेणारे दोघे आणि आज सही करायला एकच आलाय? दुसरा कुठे आहे?

नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर फुकट शोध घेता येतो. त्याचा एक उपयोग फारसे लोक करत नाहीत: त्याच इमारतीतले गेल्या दोन वर्षांतले व्यवहार शोधायचे. तिथे मोबदल्याचा रकाना उघडाच असतो. वरच्या मजल्यावरचा तसाच फ्लॅट मागच्या मार्चमध्ये ६३ लाखांना गेलेला दिसला, की ७० च्या गप्पा आपोआप खाली येतात. अर्थात, तीस वर्षांचा रीतसर सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल, वकिलाकडून घ्यायचाच. तो वकील आपला असावा, एजंटने आणलेला नको. बँकेचाही वकील कागद बघतो, पण तो बँकेसाठी बघतो.

मालक वारलेले असतील तर जास्त सावध. सोसायटीने नॉमिनीच्या नावावर शेअर सर्टिफिकेट केलं म्हणून तो एकटा मालक होत नाही. बहिणी असतात, आई असते. सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. ‘ताईचं काही म्हणणं नाही हो’ यावर व्यवहार होत नाही. ताईंनी दुय्यम निबंधकासमोर येऊन सही करायची. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर ‘विकलेला’ फ्लॅट तर घेऊच नये. तशा कागदाने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे.

जमिनीचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डही बघा. त्यावर भोगवटादार वर्ग २ असा शेरा असेल तर हस्तांतराला सरकारी परवानगी लागू शकते. मंजूर नकाशा आणि भोगवटापत्र, दोन्ही मागा. भोगवटापत्र नसलेल्या इमारतीत हजारो लोक राहतात हे खरं, पण कर्ज, पाणीपट्टी आणि पुढची विक्री तिन्ही ठिकाणी ते आडवं येतं. सोसायटीकडून ना-हरकत, थकबाकी नसल्याचा दाखला, शेअर सर्टिफिकेट आणि दोन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद घ्या. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स झालं का, हे सेक्रेटरींना विचारा. तीस वर्षं जुनी इमारत असेल तर पुनर्विकासाची सगळी गणितं या उत्तरावर अवलंबून.

आता फ्लॅट बघा

एकदा दिवसा, एकदा रात्री आणि जमलं तर एकदा मुसळधार पावसात. मेजरिंग टेप घेऊन जा. सगळे नळ एकदम सोडून फ्लश ओढा, दाब कळतो. वरचा मजला असेल तर छताचे कोपरे, खालच्याच्या बाथरूमचं छत बघायला मिळालं तर उत्तम. नुकताच रंग दिलेला असेल तर कपाटामागे हात फिरवा. टेरेस बंद करून खोली केलेली असेल तर ती मंजूर नकाशात नाही, तिचे पैसे देऊ नका. पार्किंग कुठलं ते जागेवर जाऊन बघा. बिल्डरला उघडं पार्किंग विकता येत नाही, सोसायटीत ते वाटप असतं, आणि वाटप बदलू शकतं.

टोकन, साठेखत, नोंदणी

टोकन छोटं द्या, चेकने किंवा ऑनलाइन, आणि साध्या कागदावर का होईना पण दोन अटी लिहून: टायटल स्वच्छ निघालं नाही किंवा या फ्लॅटवर बँकेने कर्ज नाकारलं, तर पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत. विक्रेता या अटींना नाही म्हणाला तर कारण विचारा. वकिलाकडून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या आणि हरकतीची मुदत संपू द्या.

विक्रेत्याचं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेकडून थकीत रकमेचं पत्र आणि तिथे जमा असलेल्या मूळ कागदांची यादी मागा. आपल्या बँकेचा चेक किंवा डीडी थेट त्या कर्जखात्यात जायला हवा, विक्रेत्याच्या हातात नको.

रिसेलमध्ये आधी साठेखत (विक्री ठरल्याचा करार), मग कर्जाचा भरणा आणि खरेदीखत असा क्रम असतो. मुद्रांक शुल्क साधारणपणे साठेखतालाच पूर्ण भरतात, पुढे ते वजा मिळतं. दस्ताचा मसुदा आदल्या रात्री बसून वाचा: नावांची स्पेलिंग, पॅन, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, पार्किंगचा उल्लेख, ताब्याची तारीख. नोंदणी कार्यालयात गर्दीत उभं राहून चूक सापडत नाही, आणि नंतर दुरुस्तीसाठी चूक दुरुस्ती पत्र करून पुन्हा सगळ्यांना गोळा करावं लागतं. सोबत मूळ ओळखपत्रं आणि दोन साक्षीदार. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवता येतो, पण इतकं थांबू नका.

चावी हातात आल्यावर तीन नावं बदलायची: सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, महावितरणचं वीजबिल आणि मिळकतकर. बँकेत कुठले मूळ कागद जमा केले त्याची सही-शिक्क्याची यादी जपून ठेवा. कर्ज फिटलं की ३० दिवसांत ते परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. स्वतःच्या चुकीने उशीर केला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. आणि पुणे महापालिका हद्दीत स्वतः राहत असाल तर मिळकतकरातली ४० टक्के सवलत नावासोबत आपोआप येईल असं धरून बसू नका. त्यासाठी पीटी-३ अर्ज भरून, तिथे आपणच राहतो याचा पुरावा जोडून तो क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा आणि पोच घ्यायची.